विश्लेषण : ‘पाय घसरून पडला’... किशोरांच्या दारूची नोंद केसपेपरवर का होत नाही?

रात्रीचे साडेअकरा. वरात नुकतीच संपलेली. दोन मित्र सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला दुचाकीवर मध्ये बसवून अपघात विभागात आणतात. कपाळ फुटलेले, शर्टावर उलटीचे डाग, जीभ जड झालेली. काय झाले, या प्रश्नाला उत्तर ठरलेले : ‘जिन्यावरून पाय घसरला, डॉक्टर.’ थोड्या वेळाने वडील पोहोचतात आणि हलक्या आवाजात विनवतात, ‘साहेब, तेवढं दारूचं काही लिहू नका.’ केसपेपरवर उमटते ते एवढेच : पडल्याने डोक्यास जखम. हे एखाद्या विशिष्ट रात्रीचे वर्णन नाही. नवीन जालन्यातल्या खासगी दवाखान्यांपासून मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत रात्रपाळी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ते ओळखीचे वाटेल. जखम टाके घालून बरी होते. तिचे कारण मात्र कागदावर येतच नाही, आणि कागदावर नसलेल्या कारणावर कोणी उपायही करत नाही.

किती मुले दारू पितात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी व्यसन सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते १७ वयोगटातील १.३ टक्के, म्हणजे सुमारे ३० लाख मुले दारू पितात. प्रौढांमध्ये हे प्रमाण १७.१ टक्के आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील १३.९ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले, महिलांमध्ये ०.४ टक्के. घरी येऊन विचारणाऱ्या पाहणी कर्मचाऱ्याला, तेही आईवडील शेजारी बसलेले असताना, सोळा वर्षांचा मुलगा किती खरे सांगेल, हा भाग वेगळा.

हे झाले पिणाऱ्यांचे आकडे. दारूमुळे जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या मुलांचा आकडा यातून निघत नाही. जवळचा म्हणून रस्ते अपघातांचा तक्ता पाहता येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १ लाख ६८ हजार ४९१ जण अपघातांत दगावले. त्यात १८ वर्षांखालील ९ हजार ५२८ होते. मद्य किंवा अमली पदार्थांच्या सेवनामुळे झालेले मृत्यू ४ हजार २०१ दाखवले आहेत, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. रात्री महामार्गावरच्या ढाब्यांबाहेर उभ्या असलेल्या गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा आकडा पटणे कठीण. तो कमी दिसतो, कारण तो पोलिसांच्या नोंदीतून येतो आणि पोलिसांची नोंद पुष्कळदा रुग्णालयाच्या कागदावर उभी असते.

मग नोंद अडते कुठे?

एका ठिकाणी नाही. घरच्यांना पहिली भीती पोलिसांची असते. जखम संशयास्पद असेल किंवा अपघाताची असेल तर डॉक्टरला ‘एमएलसी’ म्हणजे न्यायवैद्यक नोंद करून पोलिसांना कळवावे लागते. मुलाचे नाव ठाण्यात गेले की शाळा, बारावी, पुढची नोकरी सगळे संपले, असे पालकांना वाटते. मुलगी असेल तर ही भीती दुप्पट होते. अनेकदा मैत्रिणी तिला रुग्णालयात आणण्याऐवजी कोणाच्या तरी खोलीवर झोपवून ठेवतात.

दुसरी भीती पैशाची. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मद्यपान आणि त्याचे परिणाम यांवरील उपचारांचा खर्च वगळण्याचे कलम असते. विमा नियामकाने त्याची भाषाही प्रमाणित करून दिली आहे. केसपेपरवर ‘तोंडाला दारूचा वास’ एवढे तीन शब्द असले तरी दावा अडकू शकतो. नुसत्या वासावरून दावा नाकारता येत नाही, असे निकाल ग्राहक आयोगांनी दिले आहेत. पण रात्री दोन वाजता सीटी स्कॅनचे पैसे भरणाऱ्या बापाला आयोगाची पायरी चढायची नसते. गाडी चालवणारा मुलगा विनापरवाना असेल तर आणखी गुंता होतो : विमा कंपनीने तिसऱ्या पक्षाला भरपाई द्यायची आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करायची, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून रूढ आहे. गाडीमालक बहुधा वडीलच.

तिसरी अडचण खुद्द रुग्णालयाची. दारूचा उल्लेख केला की प्रकरण वाढते, साक्षीचे समन्स येते, नातेवाईक अंगावर येतात. रात्रपाळीला एकच वैद्यकीय अधिकारी आणि दोन इंटर्न असतील तर टाके, सलाइन आणि पुढचा रुग्ण एवढेच सुचते. शिवाय रक्तातील अल्कोहोल मोजण्याची सोय बहुतेक जिल्हा रुग्णालयांत नसते. नमुना पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो. मराठवाड्यासाठी अशी प्रादेशिक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे. तिचा अहवाल खटल्यासाठी असतो. समोरच्या रुग्णावर उपचार करताना त्याचा काही उपयोग नाही.

पुण्याच्या प्रकरणाने काय दाखवले?

केसपेपर आणि रक्ताचा नमुना यांचे मोल किती, हे महाराष्ट्राला कळले ते १९ मे २०२४ नंतर. त्या पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यातील कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान मोटारीने दुचाकीला उडवले. दुचाकीवरचे दोन तरुण संगणक अभियंते जागीच गेले. त्याआधी मुलगा आणि त्याचे मित्र दोन ठिकाणी बसले होते आणि पहिल्याच ठिकाणी ४८ हजार रुपयांचे बिल झाले, असे पोलीस आयुक्तांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली.

पण या प्रकरणाचा गाभा निबंधात नाही, तो ससून रुग्णालयाच्या अपघात विभागात आहे. अपघात पहाटे अडीचला झाला, रक्ताचा नमुना घेतला गेला तो सकाळी अकराच्या सुमारास. तोही, पोलिसांच्या आरोपानुसार, फेकून देण्यात आला आणि त्या जागी मुलाच्या आईचे रक्त ठेवण्यात आले. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, तेव्हा हे उघड झाले. न्यायवैद्यकशास्त्र विभागाच्या प्रमुखासह दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी यांना २७ मे रोजी अटक झाली. मुलाचे वडील आणि आई यांनाही पुढे अटक झाली. मोटारीत मागे बसलेल्या अल्पवयीन मित्रांचे नमुनेही बदलल्याचा आरोप आहे.

पुण्यात लाखोंचे व्यवहार झाल्याचा आरोप झाला. छोट्या शहरात ‘साहेब, लिहू नका’ म्हणताना पैसे लागतातच असे नाही, ओळख पुरते. दोन्हींत अंतर मोठे आहे, हे मान्यच. एक गुन्हा आहे आणि दुसरी भिडेखातर केलेली मदत. तरीही दोन्ही ठिकाणी कागदावरून गायब होते ते एकच.

उशीर झाला तर काय बिघडते?

यकृत रक्तातील अल्कोहोल एका ठरावीक गतीने मोडते. साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम इतके ते उतरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे अपघाताच्या वेळी एखाद्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम, कायदेशीर मर्यादेच्या चौपट अल्कोहोल असेल, तर आठ तासांनी घेतलेला नमुना जवळजवळ स्वच्छ येऊ शकतो. मुंबईत ७ जुलै २०२४ रोजी वरळीत झालेल्या मोटार अपघातातील चालक दोन दिवसांनी सापडला, तेव्हा त्याच्या रक्तात शोधण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते.

त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट बोलकी आहे. चालक २४ वर्षांचा होता आणि त्याला बारमध्ये मद्य दिले गेले, म्हणून उत्पादन शुल्क विभागाने बारवर कारवाई केली. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी किमान वय २५, तर बिअरसाठी २१ आहे. पिण्यासाठी परवानाही लागतो, एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत मिळतो. देशातील कडक नियमांपैकी हा एक. पण एखादा मोठा अपघात होऊन चौकशी लागेपर्यंत वयाचा दाखला मागणारा काउंटर शोधावाच लागतो.

‘नशेत आहे, झोपू द्या’ हे का धोक्याचे?

कायद्यापेक्षाही डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हा आहे. दारू आणि डोक्याला मार यांची लक्षणे एकसारखी दिसतात : बरळणे, तोल जाणे, उलटी, गुंगी. मुलाने प्यायल्याचे माहीत असले की सगळे दारूवर ढकलले जाते आणि कवटीच्या आत चाललेला रक्तस्राव निसटतो. अशा रक्तस्रावात मुलगा मध्येच तासभर अगदी नीट बोलतो, मग अचानक कोसळतो. उलट प्यायल्याचे लपवले, तर भूल देताना, गुंगीचे किंवा वेदनाशामक औषध देताना डॉक्टरचा अंदाज चुकतो. लपवाछपवी मुलाच्याच जिवावर येते.

किशोराच्या शरीरात वजन कमी, सवय नाही आणि स्पर्धा लावून एका दमात पिण्याची खोड, त्यामुळे प्रौढाला ‘चढते’ तेवढ्यात त्याची शुद्ध हरपू शकते. पोटात अन्न नसेल तर रक्तातील साखर घसरते. थंडीत उघड्यावर पडून राहिला तर अंग गार पडते. सर्वांत साधा आणि सर्वांत जीवघेणा धोका म्हणजे उताणे झोपलेल्या मुलाला उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाणे.

म्हणून आपत्कालीन वैद्यकशास्त्राचा नियम सरळ आहे : नशेतल्या जखमीला डोक्याला मार असल्याचे गृहीत धरून तपासायचे, साखर मोजायची, दर थोड्या वेळाने शुद्ध पुन्हा तपासायची. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर, अंग थंड, झटका आला असेल किंवा उलटी थांबत नसेल, तर ‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही. कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. बळेबळे उलटी काढायला लावणे तर घातक.

जालन्यात वेळेचा हिशेब आणखी काटेकोर करावा लागतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज असलेला गंभीर रुग्ण परंपरेने छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’कडे पाठवला जातो. अंतर साठेक किलोमीटर, म्हणजे रुग्णवाहिकेत किमान तास. खोलीवर झोपवून घालवलेले तीन तास आणि त्यावर हा एक तास. डोक्यातला रक्तस्राव एवढी सवड देईलच असे नाही.

मुलाला दारू देणाऱ्याचे काय?

इथे कायदा पालकांना वाटतो त्याच्या नेमका उलटा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८ वर्षांखालील कोणालाही, मग तो ग्राहक असो वा पुतण्या. पुण्यात पब चालवणाऱ्यांवर आणि मुलाच्या वडिलांवर हे कलम लावले गेले. गाडीच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेले : पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी विनागिअरची, ५० सीसीपर्यंतची गाडी चालवायला परवाना मिळतो. मात्र अशा गाड्या आता बाजारात जवळपास दिसत नाहीत. शिकवणीला जाणारी मुले-मुली ज्या स्कूटरवर दिसतात त्या १०० सीसीच्या पुढच्या.

मुलाबाबत कायदा बराच मवाळ आहे. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसतील, तर बालकावर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची, असे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. त्याचे नाव प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने बंदी आहे. थोडक्यात, पिऊन स्वतः पडलेल्या मुलाला रुग्णालयात नेल्याने त्याचे आयुष्य बरबाद होत नाही. ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवण्याचे काम ना शाळा करतात, ना पोलीस.

पुण्याच्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली. त्यावर मते काहीही असोत, मद्य देणारे आणि नमुना बदलल्याचा आरोप असलेले प्रौढ यांचा प्रश्न त्याने निकाली निघत नाही.

दारू हातात येते कुठून?

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना : मोंढा, बाजारपेठ, शिकवण्या आणि पोलादाचे कारखाने असलेल्या या शहराचा नगरपालिकेतून महापालिकेपर्यंत प्रवास २०२३ मध्ये झाला. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापाराच्या जोरावर पडली. खेड्यातून शिकायला आलेली, खोली घेऊन राहणारी मुले आणि लहान वयात कामाला लागलेली मुले अशी दोन जगे इथे शेजारी नांदतात. पहिल्यांना वाढदिवसाची बिअर भुरळ घालते, दुसऱ्यांना पगाराच्या दिवशीची देशीची चपटी. दोघांच्याही जखमा मात्र सारख्याच ठिकाणी दिसतात : वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, धुळवडीला, ३१ डिसेंबरच्या रात्री आणि शेततळ्यात किंवा विहिरीत पोहायला गेल्यावर. बुडण्याच्या घटनांत तर दारूचा संबंध सर्वांत कमी तपासला जातो.

राज्य सरकारची स्थिती अवघडलेली आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, त्यातून १४ हजार कोटी रुपयांची जादा कमाई अपेक्षित धरली. महाग दारू किशोरांच्या आवाक्याबाहेर जाते, हा त्याचा चांगला भाग, कारण किंमत वाढली की सर्वांत आधी हात आखडतो तो खिशात मोजके पैसे असलेल्या मुलांचा. पण त्याच निर्णयात धान्यापासून बनवलेल्या, तुलनेने स्वस्त ‘महाराष्ट्र मेड’ मद्याचा नवा गटही आला. शिवाय हातभट्टीला शुल्क लागतच नाही.

नोंद ठेवून फरक पडतो का?

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे शल्यचिकित्सक फुटलेले चेहरे शिवत होते. त्यांच्या लक्षात आले की टाके पडलेल्यांपैकी मोठ्या हिश्शाची पोलिसांकडे खबरच नाही. मग अपघात विभागाच्या स्वागतकक्षात प्रत्येक जखमीला तीन-चार प्रश्न विचारले जाऊ लागले : कुठे झाले, केव्हा, कशाने. नाव वगळून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि पालिकेकडे जाऊ लागली. कोणत्या बारबाहेर, कोणत्या वारी, किती वाजता मुले जखमी होतात याचा नकाशाच तयार झाला. गस्त तिथे वळवली गेली आणि काही मद्यालयांना जाब विचारला गेला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी राहिले.

या पद्धतीचे मर्म एकच : नाव आणि आकडा वेगळे ठेवणे. आपल्याकडे दारूची नोंद म्हणजे थेट आरोप, म्हणून ती टाळली जाते. निनावी मोजणी वेगळ्या वहीत झाली तर ना मुलाची बदनामी, ना विम्याची भीती. त्यासाठी रक्ततपासणीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात ‘वाय ९१’ हा संकेतांक याचसाठी आहे : डॉक्टरने पाहून ठरवायचे, नशा सौम्य, मध्यम, तीव्र की अतितीव्र. संघटनेने या शतकाच्या सुरुवातीला बारा देशांतील अपघात विभागांत हा संकेतांक तपासला, त्यात बंगळूरुही होते. डॉक्टरचा अंदाज आणि श्वासचाचणी बऱ्यापैकी जुळतात, असे त्यात दिसले.

जालन्यात हे कोण करू शकेल?

जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. अशा महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग असतोच आणि विद्यार्थ्यांना प्रकल्पही करावे लागतात. अपघात विभागात १२ ते १९ वयाच्या प्रत्येक जखमीमागे चार खुणांचे एक निनावी पान भरणे, हे वर्षभरात होण्याजोगे काम आहे. किशोरांसाठी शासनाची ‘मैत्री’ क्लिनिक राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आहेत. टाके घातलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी तिथे पाठवता येते, पण आज त्याच्या केसपेपरवर तिकडे पाठवण्याचे कारणच नसते. तोवर घरच्यांसाठी दोन मोफत क्रमांक : व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६. दोन्हीकडे बोलताना पोलीस ठाण्याचा संबंध येत नाही.